अकरा नंबरचं थडगं

डॉक्टरांनी ग्लेनिससमोर कोरा कागद सरकवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढा, आकडे घाला, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा. गोल तिने झकास काढला, हाताला जराही कंप नाही. आकडे मात्र उजवीकडे दाटीवाटीने बसत गेले आणि दहा लिहून झाल्यावर अकराला जागाच उरली नाही. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून डॉक्टरांना म्हणाली, "हे आजचं नाही हो माझं. मला समोरचं कधी दिसलंच नाही. तरुणपणी मी एक अख्खा चांदीचा पेला नजरेआड केलाय, माहितीय? सांगाड्याच्या छातीवर होता, एवढा मोठा. विचारा ह्याला." डॉक्टर ओसेई वयाने आमच्या मुलीपेक्षा लहान होत्या, चेहऱ्याने प्रेमळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसलो. सवयीनं हसलो, हा विनोद झाला की मी हसतोच. वर म्हणालो, "चांदीचा नव्हता, कथलाचा होता." डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं. शाळामास्तरला उलटं वाचता येतं, तीस वर्षं बाकावरच्या पोरांच्या वह्या तशाच वाचलेल्या असतात. त्यांनी लिहिलं होतं : समोरच्या गोष्टीकडे लक्ष न जाणं, जुनी सवय, पतीचा दुजोरा.

ट्रॅममध्ये ग्लेनिस खिडकीशी बसली आणि थांबे मोजू लागली. हल्ली ती मोजते. मी तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझे कान तापले होते. सत्तराव्या वर्षी कान तापतात हे मला माहीत नव्हतं. पतीचा दुजोरा. एवढ्या वर्षांत हे कुणी लिहून काढलं नव्हतं. लग्नात, नाताळच्या जेवणात, शेजाऱ्यांच्या अंगणात आम्ही ते बोललो होतो, आणि बोललेलं हवेत विरतं. आता ते सरकारी कागदावर गेलं. त्या कागदाच्या आधारावर तिच्या मेंदूत काय चाललंय ते ठरणार. आणि मी दुरुस्ती केली ती कशाची, तर धातूची! समोर पन्नास वर्षांचं खोटं पडलंय, आणि हा शहाणा सांगतोय, चांदीचा नव्हे, कथलाचा. ग्लेनिस म्हणाली, "चार झाले ना?" तीनच झाले होते. मी म्हणालो, "हो, चार." ती बरी दिसत होती. बाहेर नॉटिंगहॅमची दुकानं मागे जात होती, आणि मला त्यांच्या काचांमध्ये सारखा माझाच चेहरा दिसत होता.

केल्बीचा मठ आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. आता तिथे उरलंय ते म्हणजे एक उंच कमान, गुडघ्याएवढ्या भिंती, आणि पुरातत्त्व खात्याने केसासारखं कापलेलं गवत. तीस वर्षं मी दर जूनमध्ये वर्गाची सहल तिथे नेली. मुलं भिंतींवर चढायची, मी त्यांना उतरवायचो आणि कमानीखाली उभा राहून इतिहास सांगायचो. बाराव्या शतकात एका सरदाराने शेजाऱ्याचं गाव देवळासकट जाळलं. आत माणसं होती. तरुणपणी त्याला त्याचं काही वाटलं नाही, म्हातारपणी झोप येईना, मग ओढ्याकाठची दलदल त्याने तेरा मठवाशांना दान केली. दलदलच दिली, चांगली जमीन नाही. इथे मुलं हसायची. पुढे दोनशे वर्षं मठ यथातथाच चालला. एकदा मोठे धर्मगुरू तपासणीला आले तर इथे कुत्री पाळलेली, प्रार्थना घाईघाईने गुंडाळलेल्या, आणि एक मठवासी जत्रेत धनुष्यबाणाच्या शर्यतीला गेलेला. मग महामारी आली. तेरातले तीन उरले. त्यातला वॉल्टर नावाचा एक साधा भांडीकुंडी सांभाळणारा मठवासी, दुसरं कुणी नाही म्हणून मठाधिपती झाला, आणि त्याने हॉब नावाच्या नोकराच्या जोरावर तो मठ पुन्हा उभा केला. प्रेतं हॉबने पुरली, पाव हॉबने भाजला. मरताना वॉल्टरने लिहून ठेवलं की हॉबला माझ्या शेजारी पुरा, मध्ये भिंत नको. नोकराला वेदीजवळ जागा देणं त्या काळी मोठंच धाडस होतं. पुढे राजाने सगळे मठ मोडले तेव्हा त्याची माणसं आली, त्यांनी गायनाच्या लाकडी आसनांची होळी करून तिच्यावर छपराचं शिसं वितळवलं, आणि उरलेला दगड गावाने नेला. केल्बीत आजही असं घर नाही ज्याच्या भिंतीत मठाचा दगड नाही. गावातल्या पबच्या मुतारीच्या उंबऱ्याला एका देवदूताचा पंख बसवलेला आहे, आणि मालक तो गिऱ्हाइकाला हौसेने दाखवतो. मुलांना हे फार आवडायचं. "सर, म्हणजे चोरीच ना?" एखादा विचारायचा. मी म्हणायचो, "चार पिढ्या गेल्या की चोरीचा वारसा होतो." टाळी घेणारं वाक्य होतं. मला स्वतःलाच ते आवडायचं, आणि आता आठवून अंगावर काटा येतो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिथे उत्खनन झालं. मी बावीसचा, ग्लेनिस एकवीसची. ती वेल्समधल्या खाणगावातून आलेली, ग्लेनिस पॅरी, आणि सगळ्या तुकडीत तिची नजर सर्वात तयार. मातीचा रंग बदलला की ती बोट ठेवायची. "इथे कुणीतरी पूर्वी खणलंय," म्हणायची, आणि तसंच निघायचं. मुख्य होत्या मिस रॅथबोन. पन्नाशीच्या, पुरुषी बूट, गळ्यात शिट्टी. त्यांचे दोन नियम होते. पहिला, कुठलीही वस्तू फोटो आणि चित्र झाल्याशिवाय हलवायची नाही, मग ती सोन्याची असो नाहीतर कुत्र्याचं हाड. दुसरा, प्रत्येक थडग्याच्या नोंदीखाली दोन सह्या : खणणाऱ्याची, आणि शेजारच्या खड्ड्यातल्याने येऊन डोळ्यांनी पाहिलं म्हणून साक्षीदाराची. वेदीजवळ दोन थडगी शेजारी शेजारी निघाली तेव्हा सगळ्यांना कळलं की हेच वॉल्टर आणि हॉब. कोणता कोण, एवढंच ठरायचं होतं. त्या काळी धर्मगुरूला पुरताना छातीवर कथलाचा एक छोटा पेला ठेवत. ज्याच्यापाशी पेला, तो वॉल्टर. अकरा नंबर ग्लेनिसकडे, बारा माझ्याकडे. अकरातला माणूस उंच, हाडापेराने दणकट. बारातला बुटका, पाठीत वाकलेला, एका पायाचं हाड सडलेलं. मिस रॅथबोनना मनातून उंच माणूस हवा होता. ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, त्यांना स्वतःला सोडून.

सतरा ऑगस्टला, शुक्रवारी, चहाच्या वेळी पेला माझ्या थडग्यात निघाला. म्हणजे आधी त्याची कड निघाली, नखाएवढी. ग्लेनिस सकाळीच आपलं थडगं संपवून, चित्र काढून, 'वस्तू नाही' असं लिहून सही करून बसली होती, आणि त्या वेळी खणायच्या थाप्या धुवायला पंपावर गेली होती. बाकीचे चहाला. मी एकटाच. बोलवायला हवं होतं, नुसती हाक मारायची होती. पण मला तो पेला ग्लेनिसला दाखवायचा होता. सगळ्यांच्या आधी, मिस रॅथबोनच्या आधी, आम्हा दोघांपुरता. एवढंच. लोकांना वाटेल मला नाव हवं होतं. नाव नको होतं, मला त्या मुलीने माझ्याकडे तसं बघायला हवं होतं. मी थापी खाली घातली आणि तो उचलला. कड तुटली. बिस्किटासारखा तुकडा हातात आला, आणि खाली जिथे पेला होता तिथल्या मातीचा मी पार चिखल केला होता. तेवढ्यात बूट वाजले. मिस रॅथबोन कॅमेरा घेऊन येत होत्या, सरळ माझ्याकडे. मी काय केलं ते मला आजही नीट कळत नाही. हात लांब करून तो पेला शेजारच्या खड्ड्यात, अकरातल्या माणसाच्या छातीवर ठेवला आणि वर दोन मुठी माती टाकली. पाच मिनिटांत परत घेईन, असं डोक्यात होतं. पण ऊन अकरावर छान पडलं होतं, म्हणून बाई आधी तिकडे वळल्या. फोटोआधी ब्रश मारायला खाली वाकल्या. मग त्यांनी शिट्टी वाजवली.

"ग्लेनिस! इकडे ये. हे काय आहे?"

ती ओल्या हातांनी धावत आली. बघत राहिली.

"तू सही केलीयस, 'वस्तू नाही'. देवाने डोळे दिलेत ते काय बटणं म्हणून शिवलेत?"

"बाई, हे इथे नव्हतं."

"अच्छा. मग चहा प्यायला आला असेल तो, पेला घेऊन."

सगळे हसले. चहाचे मग हातात घेऊन पंधरा जण उभे होते आणि सगळे हसले.

"बाई, माती बघा ना. ही वरची माती काळी आहे, भुसभुशीत. ह्या थडग्यातली पिवळी आहे, घट्ट. ही इथली मातीच नाही."

"आता मला माती शिकवणार तू?" बाईंनी वही उघडली. "साक्षीदाराची सही कुठाय? कीथ, शेजारी तू होतास. तू बघितलं होतंस का सकाळी हे थडगं?"

बघितलं होतं. अगदी नीट बघितलं होतं, तिच्या खांद्यावरून वाकून, तिच्या केसांचा वास घेत, आणि आत हाडांशिवाय काही नव्हतं. सही राहिली होती ती केवळ पेन संपलं म्हणून. मी म्हणालो, "मी... नीट नव्हतं बघितलं, बाई."

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जणू आमच्या दोघांकडूनही चूक झालीय आणि मी निदान कबूल तरी केलं, असं. ते बघणं मी सांभाळून ठेवलंय. ते मला फेकून देता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी ती सामान आवरून निघाली. तिची बॅग मी उचलली. बसमध्ये ती म्हणत होती, "माती काळी होती रे. तू पण बघ ना, काळी होती की नाही?" आणि मी तिचा हात पहिल्यांदा हातात घेतला आणि म्हणालो, "जाऊ दे आता. थकली होतीस तू." असं आमचं जमलं. दुसऱ्या वर्षी लग्न झालं. लोकांची लग्नं प्रेमातून होतात, जातीपातीतून होतात, पोट पुढे आलं म्हणून होतात. आमचं सांत्वनातून झालं, आणि जखम करणाराच पट्टी बांधत होता. यॉर्कच्या उत्खननात तिची जागा ठरल्यासारखी होती. तिने कळवून टाकलं की येत नाही. एका शाळेच्या ऑफिसात लागली. हजेरीपटावरचं प्रत्येक नाव ती तीनदा तपासायची. आणि लग्नातल्या भाषणात नवरदेवाने काय सांगावं? सांगितलं की माझ्या बायकोला नाकासमोरचा पेला दिसत नाही म्हणून तर तिने माझ्याशी लग्न केलं. हॉल दणाणून हसला. ग्लेनिस सर्वात मोठ्याने हसली. मिस रॅथबोन पाहुण्यांत होत्या. त्यांनी डोळे पुसले.

तेव्हापासून आमच्या घरात 'अकरा नंबर' हा शब्द रुळला. चष्मा कपाळावर असताना शोधला, की अकरा नंबर. काखेत कळसा अन् गावाला वळसा झाला, की अकरा नंबर. आमची मुलगी रोझ बोलायला लागली तेव्हा पहिल्या वाक्यांत हेही होतं. ग्लेनिसला मात्र हळूहळू आपलं दिसणंच खोटं वाटू लागलं. "तू बघ, मला काय दिसणार," हे वाक्य मी लाखदा ऐकलं असेल. रोझ तीन वर्षांची असताना ग्लेनिस म्हणाली होती, "ही डावा पाय ओढते का रे?" मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "अकरा नंबर." ती गप्प बसली. सात महिन्यांनी शाळेतल्या नर्सने खुब्याचं दुखणं ओळखलं. रोझ आज त्रेचाळीस वर्षांची आहे आणि तिच्या डाव्या बुटाला जाड तळ आहे. ती तिच्या आईला कधी बोलली नाही. मला बोलण्याचं कुणाला कारणच नव्हतं.

उंच माणूस वॉल्टर ठरला. मिस रॅथबोननी पुस्तिका लिहिली, मोठे धर्मगुरू आले, आणि हॉबला, मठाच्या नोकराला, गावच्या चर्चमध्ये मठाधिपती म्हणून मानाने पुरलं. वर नाव कोरलं. खरा वॉल्टर, बुटका, वाकलेला, सडक्या पायाने मठ उभा करणारा, वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. खोक्यावर लिहिलंय : पुरुष, बहुधा नोकर. आणि मी तीस वर्षं मुलांना कमानीखाली सांगत राहिलो, बघा, कसा भव्य माणूस होता. कधी कधी वाटतं की त्या दोघांना ह्याचं काही वाटलं नसतं, त्यांना शेजारी राहायचं होतं तेवढंच. पण शेजारीसुद्धा मी त्यांना राहू दिलं नाही.

घड्याळाच्या त्या कागदानंतर आठवडाभर मी घरात वावरलो तो चोरासारखा. ग्लेनिस किटली लावून विसरायची, मग मी किटली बंद करायचो, आणि ती म्हणायची, "अकरा नंबर झालं बघ." खरं सांगायचं तर सुटकेचा एक विचारही आला होता, तो सांगायची लाज वाटते पण सांगतो. मिस रॅथबोन गेल्या. साक्षीदार असा मी एकटा. आणि जिच्यापुढे कबुली द्यायची ते कोर्टच हळूहळू उठून चाललं होतं. थोडं थांबलं की सगळं आपोआप मिटणार होतं. हा विचार मला किटलीपाशी उभं असताना आला, आणि तो आल्यावर दोन मिनिटं मला फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाची जितकी शरम वाटली तितकी पेल्याचीही कधी वाटली नव्हती. रविवारी मी चहाचा थर्मास भरला, काकडीची सँडविचेस केली आणि तिला केल्बीला घेऊन गेलो.

थडग्यांच्या जागी आता खडी पसरलेली आहे, नंबरासकट. पाटीवर उंच मठाधिपतीचं चित्र आहे, हातात पेला. ग्लेनिस पाटी वाचत होती, ओठ हलवत, मुलीसारखी. मी म्हणालो, "ग्लेनिस, पेला तुझ्या थडग्यात नव्हता. माझ्यात होता. मी तो उचलला, कड तुटली, बाई आल्या, आणि मी तुझ्यात टाकला." मी हे वाक्य गाडीत वीसदा घोकलं होतं. ते इतकं लहान निघेल असं वाटलं नव्हतं.

तिने पाटीवरून बोट काढलं नाही.

"कुठली कड?"

"काय?"

"कुठल्या बाजूची कड तुटली?"

"आठवत नाही."

"मला आठवते. पायाकडची. तुकडा नव्हताच आत. मी बाईंना म्हणाले, तुकडा कुठाय? त्या म्हणाल्या, तू गमावलास." ती खडीवर गेली आणि अकरा नंबरपाशी वाकून उभी राहिली. कालचं जेवण तिला आठवत नव्हतं. "डावा हात पोटावर होता ह्याचा. उजवा बाजूला. बरगड्या तीन तुटलेल्या, मातीच्या वजनाने. माती पिवळी, चिवट, नखात बसायची. आणि ती वरची काळी, तुझी, ओढ्याकडची. मी सांगितलं होतं. तिला सांगितलं. तुला बसमध्ये सांगितलं. तू म्हणालास, थकली होतीस."

"हो."

"मी थकले नव्हते, कीथ."

"नव्हतीस."

"मग रोझचा पायही मला दिसला होता." हे तिने मला विचारलं नाही. ती गवताकडे बघत, पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हणाली, "दिसला होता मला." मग माझ्याकडे वळली. पन्नास वर्षांत माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं, सरळ, नीट, मातीकडे बघायची तसं. "तू भाषणात सांगितलंस. लग्नात. लोकांना हसवलंस. साल्या, वर माझ्या आईलाही हसवलंस."

मी म्हणालो, "चुकलो." हा शब्द मी शाळेत पोरांकडून रोज वदवून घ्यायचो. काहीच वजन नसतं त्याला. ती सँडविचला शिवली नाही. परत येताना माझ्या शेजारी बसली नाही, मागच्या सीटवर बसली, आणि आरशात मला तिची फक्त हनुवटी दिसत होती. घरी आल्यावर ती शिवणाच्या खोलीत झोपली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. शिक्षा झाली असं वाटलं, आणि माणूस इतका नीच असतो की शिक्षा झाली म्हणजे आता खातं मिटलं, असंही वाटलं.

बुधवारी सकाळी ती टोस्टला लोणी लावता लावता थांबली. "कीथ, मी तुझ्यावर रागावलेय ना?"

"हो."

"खूप?"

"हो."

"कशावरून रे? मला काही केल्या आठवत नाही. नुसता राग आहे, इथे." तिने सुरीच्या टोकाने छाती दाखवली. तिचा चेहरा इतका घाबरलेला होता, आपलाच राग आपल्याला अनोळखी झाल्यावर माणूस घाबरतो तसा. आणि मी म्हणालो, "अगं, केल्बीला गाडी लांब लावली मी, तुला चालायला लागलं. म्हणून." ती क्षणभर विचारात पडली आणि हसली. "एवढ्यावरून? बाई बाई. मी पण ना." तिने माझ्या टोस्टलाही लोणी लावून दिलं. मी तो खाल्ला. घास घशाखाली उतरला, हेच मला माझ्याबद्दल सर्वात किळसवाणं वाटतं. पहिल्या वेळी मी बावीसचा होतो, घाबरलो होतो, बूट वाजत होते. ह्या वेळी कुणाचे बूट वाजत होते? स्वयंपाकघरात ऊन आलं होतं आणि समोर माझी बायको बसली होती.

तीन आठवड्यांनी पुन्हा डॉक्टर ओसेईंकडे गेलो. तीच खोली, तोच हिरवा गालिचा. आज वार कोणता? ग्लेनिसने सांगितला, चुकीचा. तारीख? तिने माझ्याकडे पाहिलं, मी नजर खाली घातली, तसं करायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तारीख आली नाही. महिनाही आला नाही. मग डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ काढायला सांगितलं. गोल झाला. आकडे ह्या खेपेला निम्म्यातच थांबले. ती कागदाकडे बघत राहिली, आणि मला माहीत होतं आता ती काय म्हणणार. मी हसायची तयारी करून बसलो होतो.

"ह्याने ठेवला तो," ग्लेनिस म्हणाली.

"काय म्हणालात?" डॉक्टर पुढे झुकल्या.

"पेला. माझ्या थडग्यात काही नव्हतं. ह्याने ठेवला, माती टाकली वर आणि मला खोटं पाडलं. आणि मग माझ्याशी लग्न केलं." तिने माझ्याकडे बोट केलं. "आणि परवा मला म्हणाला, गाडी लांब लावली."

डॉक्टरांनी लेखणी उचलली, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात किती दया होती! हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्टर ब्रॅमली, ह्या आजारात असे संशय येतात. जवळच्याच माणसावर येतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळी त्यांनीच ती गंमत वेगळी सांगितली होती, आठवतंय मला." माझ्या चेहऱ्यावर तोपर्यंत ते हसू आलेलं होतं. सोशिक नवऱ्याचं, दमलेल्या भल्या माणसाचं. मी ते आणलं नव्हतं. ते आपलं आपण आलं, इतक्या वर्षांच्या वापराने त्याला वाट पाठ झाली होती. आता फक्त मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं. पतीचा दुजोरा.

ग्लेनिस माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या हसण्याकडे. रंग बदललेल्या मातीवर बोट ठेवायच्या आधी ती अशीच थांबायची.

"खरं आहे डॉक्टर," मी म्हणालो. "संशय नाही तो. पेला मी ठेवला. गाडीचंही खोटं आहे. हिला सगळं दिसत होतं. मागच्या वेळी मी हसलो, ते खोडा. तुम्ही लिहिलंय, लक्ष न जाणं जुनी सवय. ते खोडा. तशी सवय हिला कधीच नव्हती."

डॉक्टरांची लेखणी तशीच राहिली. ग्लेनिसने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, सहज, आपलीच असल्यासारखी. घड्याळाचा कागद स्वतःकडे ओढला. त्या अर्ध्या घड्याळाखाली तिने सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं : थडगं क्रमांक अकरा. वस्तू नाही. खाली सही केली, ग्लेनिस पॅरी. माहेरचं नाव तिने सत्तेचाळीस वर्षांत लिहिलं नव्हतं. मग तारीख घातली. थांबली नाही, अडखळली नाही : १७ ऑगस्ट १९७३, शुक्रवार.

कागद माझ्याकडे सरकवला आणि लेखणी पुढे केली.

"साक्षीदार," ती म्हणाली. "पेन चालतंय ह्या वेळी."

मी सही केली.